इथे समुद्र नाही

इथे समुद्र नाही. तो साडेतीनशे मैल पश्चिमेला.
इथे डोंगर आहेत, देवदार आहेत,
आणि तळ न लागणारं एक थंड सरोवर.
त्याच्या काठावर आम्ही आरमार घडवतो.

पहिल्या दिवशी भाषा बदलते.
जमिनीला डेक म्हणायचं. भिंतीला बल्कहेड.
जिना असला तरी शिडी,
आणि रविवारी बसने गावात जायचं
तर ‘किनाऱ्यावर जाऊन येतो’ अशी परवानगी मागायची.
नेब्रास्काच्या मक्यातून उठून आलेली पोरं
तिसऱ्या आठवड्यात हे सगळं न हसता बोलू लागतात,
तेव्हा समजायचं, गाडी मार्गाला लागली.

गाठी, वल्ही, मनोऱ्यावरून पाण्यात उडी,
हे बाकीचे शिकवतात.
माझ्या वर्गात येतात ते
ज्यांच्या बाहीवर अजून लाल क्रॉस शिवायचा आहे.
सहा आठवडे मिळतात मला.
पूर्वी बारा मिळायचे.

सुईचा सराव बटाट्यावर.
दुसऱ्या शाळांना म्हणे संत्री मिळतात.
आयडाहोत बटाट्याला तोटा नाही.
टोचून टोचून चाळण झालेले बटाटे डुकरांना जातात.
‘आता त्यांना धनुर्वाताची भीती नाही, मॅडम,’
असं म्हणाला होता ऑर्व्हल टेग्टमायर,
आणि पाच मिनिटांनी
खऱ्या रक्ताची बाटली बघून
माझ्या डेकवर आडवा झाला होता.

अडलेल्या गाईचं वासरू काढलेला मुलगा.
कोपरापर्यंत हात घालून, एकट्याने, रात्री कंदिलाच्या उजेडात.
पण माणसाचं रक्त, म्हणाला, बघतं आपल्याकडे.

चौथ्या दिवशी मी बाही वर केली,
हात त्याच्यासमोर ठेवला. टोच.
ओठ पांढरे पडले त्याचे, सुई मात्र सरळ गेली,
जरा जास्तच सरळ.
आठवडाभर दंडावर हिरवा-पिवळा डाग मिरवला मी.
पोरं त्याला तोफखाना म्हणायची.

रक्तस्रावाच्या पायऱ्या नऊ.
फळ्यावर लिहायच्या, पाढ्यांसारख्या म्हणून घ्यायच्या:
दाब. उंच धर. घडी ठेव. पट्टी आवळ.
आवळपट्टी बांधलीस तर वेळ लिही,
कागद नसेल तर कपाळावर लिही.
पांघरूण घाल. पाणी देऊ नको पोटात जखम असेल तर.
बोलत राहा, काहीही बोल, गाईविषयी बोल.
नऊ: डॉक्टरांना बोलव.

मार्चमध्ये पत्र आलं. सरोवराच्या कडेला बर्फ होता अजून.
बेटाचं नाव कात्रीने कापलेलं, कागदाला खिडकी पडलेली.
तिच्यातून माझ्या टेबलाचं लाकूड दिसत होतं.

‘मॅडम,
पायऱ्या सगळ्या आठवतात. आठवीपर्यंत काही चुकत नाही.
नववीला मी मान वर करून इकडे तिकडे बघतो
तर सगळे माझ्याकडेच बघत असतात.
इथे डॉक म्हणतात ते मलाच.
बाकी ठीक. उकाडा फार.
बटाटे डब्यातले, पीठ केलेले,
टोचायच्या कामाचे नाहीत.’

तीनदा वाचलं. घडी घालून
कापसाच्या बरणीखाली ठेवलं.
उत्तर लिहायला बसले, ‘प्रिय ऑर्व्हल’ लिहिलं,
मग तुकडी बदलायची घंटा झाली.

सोमवारी नवे चाळीस जण.
ओळीने मुंडलेली डोकी, कान केवढे मोठे वाटतात.
आठ पायऱ्या लिहिल्या. खडू थांबला.
पुस्तकात नऊ आहेत. परीक्षेलाही नऊच विचारतात.
मागच्या बाकावरून लीलँड क्विस्ट नावाचा एक पोरगा,
वही उघडून, पेन्सिल रोखून:
‘आणि नववी, मॅडम?’

नऊचा आकडा काढला. पुढे टिंब दिलं.
बाहेर कोणीतरी मनोऱ्यावरून उडी मारली, पाण्याचा आवाज आला,
मग वर यायला लागतो तेवढा वेळ.

‘बाह्या वर करा,’ म्हणाले,
‘शेजाऱ्याचा हात धरा.’
कोपऱ्यात बटाट्याचं पोतं होतं.
ते त्या दिवशी कोणी सोडलं नाही.